डाव्या बाजूची मोटर

बकऱ्या गेल्या तवापासून कोठा रिकामाच होता, म्हणून सायकल मी तिथंच खोलली. कितीही झाडलं तरी कोपऱ्यातून लेंड्या निघतच. चाकातले ग्रीस लागलेले छर्रे खाली सांडले का लेंडी कोणती अन् छर्रा कोणता, समजत नव्हतं. एकदा तं मी लेंडीच उचलून हबमध्ये बसवून राह्यलो होतो. आपलंच आपल्याले हसू आलं. सांगाले कोणी नव्हतं, म्हणून ते हसू बी लवकर संपलं.

बकऱ्या आईच्या होत्या. लोकं म्हणतेत घरच्या, पण त्या तिच्याच होत्या. पाला तिनंच आणायचा, पिल्लू गारठलं तं पदरात घेऊन तिनंच बसायचं. मागच्या उन्हाळ्यात ती भैयालाल मामाकडं बारश्याले गेली. मामाचं गाव तिरोड्याच्या पुढं, चोरखमाऱ्याच्या तलावाखाली. ती तिकडं गेली अन् इकडं माया बापानं, उदारामनं, व्यापारी बोलावून सगळ्या बकऱ्या विकल्या अन् एक जुनी मोटरसायकल आणली. धुतली, पुसली, हेडलाइटले झेंडूचा हार घातला अन् तिच्यावर बसून आईले घ्यायले गेला. त्याले वाटलं, बाई खूश होईल.

मामाची नीतू तवा दारातच उभी होती. तिनं मले फोनवर सगळं सांगितलं. आई बाहेर आली, गाडी पाह्यली अन् बाबाले विचारलं, "आज बकऱ्यांले पाला कोणी टाकला?"

बाबानं खाली पाहून सांगितलं काय ते.

"माया बकऱ्यांवर मी बसत नाही," आई म्हणाली अन् आत गेली.

"मंग राह्य," बाबा म्हणाला अन् एकटा परत आला. हार वाळून गळून पडला तोवर त्यानं तो काढला नाही.

आमच्याकडं माहेरी गेलेल्या बाईले घ्यायले कोणीतरी जाते. ती आपून होऊन पिशवी उचलून येत नाही. बाबा एकदा गेला, पुन्हा जात नाही. ती आपून होऊन येत नाही. धानाची रोवणी झाली, पोळा झाला, दोघं बी आपापल्या जागी. मधात मी.

मी नीतूच्या फोनवर आईले म्हटलं, "मी येऊ का घ्यायले? एसटीनं येऊ."

आई हसली. "एसटीत बसणं मले बी समजते, बाबू. तू आपली सोताची गाडी घे. मंग ये. तुया गाडीवर बसून येईन, सांगून ठेवते."

तिनं ते हसत म्हटलं. मी हसलो नाही. बोलली म्हणजे बोलली. मले ना लायसन, ना नोकरी. दहावीत शाळा सोडली, कारण गणिताचे सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले का तुया बाप राईस मिलमध्ये पोते उचलते, तू बी तेच उचलशील. मी म्हटलं, उचलीन, पण तुमच्या घरचे नाही. दुसऱ्या दिवसापासून गेलोच नाही. तं गाडी कुठून आणू? पण बाबाची जुनी सायकल होती. मोटरसायकल आली तवापासून ती भिंतीले टेकून गंजून राह्यली होती. तिच्यात बकऱ्यांचा एक पैसा नव्हता.

कुडव्याले खुशाल मिस्त्रीचं ई-रिक्षाचं दुकान हाय. मी तिथं रोज जाऊन उभा राहू लागलो.

"काय पाहून राह्यला बे?" खुशाल म्हणाला. "चोरी करायचा इरादा हाय का?"

"मोटर पाह्यजे."

"कायले?"

"सायकलले."

"पायडल मारने में क्या तकलीफ है, हीरो? टांगें तो सलामत दिख रहीं."

"दोघं बसाचे हायेत."

"ओहो! दुसरी कोण हाय बावा? नाव तं सांग."

"आई."

खुशालनं पाना खाली ठेवला. मंग मागून एका मोडक्या बॅटरी-सायकलची मोटर काढली अन् मायासमोर टाकली. "मेलेली हाय. जिवंत झाली तं तुयी. पण फुकट नाही. रोज येऊन रिक्षांच्या बॅटऱ्यांत पाणी भरजो."

मी पाणी भरलं. हात ॲसिडनं भाजले, पँटीले भोकं पडली. मोटर खोलली तं आतले कार्बन घासून संपले होते. त्या मापाचे गोंदियात कुठं भेटले नाही, म्हणून मिक्सरचे आणले अन् फरशीवर घासून घासून बारीक केले. पहिल्यांदा मोटर फिरली तवा मी कोठ्यात एकटाच ओरडलो, "चालली!" शेजारच्या धुरपताबाईच्या कोंबड्या तेवढ्या दचकल्या.

मोटर कुठं बसवाची, ते खुशालनंच सांगितलं. "पायडलची चैन उजवीकडं. मोटरची डावीकडं ठेव. हबवर दात्यांचं चक्कर वेल्डिंग कर. दोन्ही चैनी एकमेकींच्या आड येणार नाही." बरोबर होतं. मी मोटर डावीकडं बसवली, तिच्या मागं बॅटरीचा पत्र्याचा डबा बी डावीकडंच. उजवीकडचं चैनीचं जुनं झाकण खडखड वाजत होतं, ते काढून फेकलं.

बॅटऱ्या दोन लागत होत्या. एक खुशालनं दिली. दुसरी आमच्या फवारणीच्या पंपात होती.

धानावर तुडतुडे आले त्या दिवशी बाबानं मिलमधून सुट्टी घेतली. पंपात औषध भरलं, पाठीवर घेतला, बटन दाबलं. काही नाही. पंप खाली ठेवून त्यानं बुडाचं झाकण खोललं. आत नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या. त्यानं कोठ्याकडं पाह्यलं. मी दारात उभा होतो, हातात पाना. म्हटलं आता बोलू दे, सगळंच काढतो. बकऱ्या काढतो, हार काढतो. सगळे जवाब तोंडात तयार होते.

त्यानं झाकण लावलं, बाजूच्या घरून हाताचा पंप मागून आणला अन् दिवसभर दांडा हलवत फवारत राह्यला. संध्याकाळी त्याले भाताचा घास उचलता येत नव्हता. मी पाहून राह्यलो हे त्याले दिसलं तं त्यानं हात मांडीखाली दाबून घेतला. भांडला असता तं बरं झालं असतं. भांडण म्हणजे निदान बोलणं तं असते.

आमच्या घरात आता असंच चाले. सकाळी तो मिलमध्ये जाये, मी भात टाको. संध्याकाळी तो वरण टाके. टीव्ही लावला तं दोघं पाहो, बंद केला तं दोघं झोपो. नीतूचा भाऊ हिमांशू आमच्याकडं होता तोवर एक जण होता बोलाले, पण तो नागपूरले शिकाले गेला. पहिले रोज फोन करे. आता मीच केला तं म्हणते, क्लासमध्ये हावो, मंग करतो.

म्हणून मी सायकलसंगच बोलो. "काऊन वं, आज काऊन रुसली?" असं. ती बी लय वेळा रुसे. चक्कर वाकडं वेल्डिंग झालं होतं, चैन दर वळणावर उतरे. एकदा मी पाना असा फेकला का कोठ्याच्या छपराचं कवेलू फुटलं. मंग चक्कर पुन्हा तोडलं, पुन्हा लावलं. तिसऱ्या खेपेले सरळ बसलं.

सीटवर मी सगळ्यात जास्त मेहनत केली. मागचं कॅरिअर रुंद करून घेतलं. त्यावर स्कूटरच्या फाटक्या सीटचा स्पंज, वर नवं रेक्झिन. मोडक्या लोखंडी खुर्चीचा पाइप वाकवून पाठीले टेका केला. धराले एक दांडी बी लावली. सगळ्या सायकलले पोपटी रंग मारला. खुशालनं रिक्षाचा भोंगा दिला, तो लावला.

मंग वजनाचा प्रश्न आला. आईचं वजन मी अंदाजानं धरलं, धानाचा एक कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, अन् वर थोडं. कट्टा सीटवर आडवा बांधला, त्यावर पाण्याची कॅन बांधली अन् आमच्या मुर्रीच्या रस्त्यानं चक्कर मारली. पहिल्या दिवशी गाडी डगमगली. दुसऱ्या दिवशी मी टेका मागं सरकवला. तिसऱ्या दिवशी कट्टा असा बसला का जसा कुठं जाऊन राह्यला.

धुरपताबाई ओट्यावर बसून पाहे. "काय गा ओमेश, धानाले फिरवून राह्यला? नवरी हाय का ते?"

"तुमच्यापरीस बरी हाय, काही बोलत नाही."

"जीभ पाह्य पोट्ट्याची! माय नाही घरी म्हणून सुटला."

मी भोंगा वाजवला अन् पुढं गेलो. पण ते शब्द लय दूरवर मायासंग आले.

दिवाळी झाली. मुर्रीची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, जवळ आली. मंडईले घराघरात पाहुणे येतेत, रात्रभर दंडारीचं नाटक चालते, अन् जो तो विचारते, घरचे कसे हायेत. मले त्याच्या आत आई घरी पाह्यजे होती. एका सकाळी बाबा मिलमध्ये जायच्या तयारीत होता, तवा मी सायकल बाहेर काढली. त्यानं मागच्या सीटकडं पाह्यलं, मायाकडं पाह्यलं. खिशातून रुमाल काढून मोटरसायकलचा आरसा पुसला, जो पहिलेच साफ होता, अन् निघून गेला. मी कुठं चाललो हे त्याले समजलं, हे मले समजलं.

रस्ता लांब होता. बॅटरी पुरवाची होती, म्हणून सपाटीले पायडल अन् चढाले मोटर. दोन्ही अंगाले धान कापणं चालू होतं. बाया रांगेत वाकलेल्या, एकीनं काही म्हटलं का सगळी रांग हसे. तिरोड्याच्या अलीकडं चहाच्या टपरीवर पोट्टे जमा झाले.

"कितीले घेतली बे?"

"बनवली."

"फेक मत. मागं एवढी सोफासीट कोणासाठी?"

मी चहा अर्धा टाकून निघालो. कोणाले सांगू? खुशालले एकदा सांगितलं तेवढं पुरे होतं.

मामाच्या अंगणात पोचलो तवा ऊन डोक्यावर आलं होतं. कुंदामामी सुपात तांदूळ पाखडून राह्यली होती. "अगं माय, हा कोणता पोपट आला!"

मामा उठून सायकलभोवती फिरला, खाली वाकला, मोटर पाह्यली अन् भोंगा दाबला. दोन घरचे लोकं बाहेर आले. "भाचेबुवा, हे तं विमान हाय गा! पेट्रोल कुठं टाकतं?"

"बॅटरी हाय, मामा. चार्जिंग लावाची हाय."

"लाव, लाव. नीतू, पंखा बंद कर, विमान प्यासं हाय."

आई मागच्या वाडीतून आली. काखेत बोरीचा पाला होता. मामाकडं दोन म्हशी हायेत, म्हशींले कोणी बोरीचा पाला टाकत नाही. हे मले तवाच दिसलं. पण मी ते बाजूले ठेवलं.

तिनं पाला खाली टाकला, माया गालाले हात लावला. "वाळला किती."

"तू बी."

"तूच बनवली?"

"हाव."

तिनं मागची सीट हातानं दाबली. स्पंज खाली गेला, वर आला. पुन्हा दाबली. "अन् हे?"

"तूच म्हटलं होतं. सोताची गाडी घेऊन ये म्हणून."

तिनं सीटवरचा हात काढला. "म्हटलं होतं खरं," ती म्हणाली. "पहिले जेव."

तलावातले झिंगे होते, भात होता. मी ताटावर बसलो अन् सगळे एकाच वेळी बोलत होते. नीतू हिमांशूची नक्कल करून दाखवून राह्यली होती, मामा बॅटरीचं विचारे, मामी पुन्हा पुन्हा भात वाढे. एवढे आवाज मी किती दिवसानं ऐकून राह्यलो होतो. कान भरून आले माये.

बॅटरी भरली तशी आई साडी बदलून आली. निळी, चांगल्यातली. माये डोळे तिच्या हातांवर गेले. हात रिकामे होते.

"पिशवी कुठं हाय?"

"बसून तं पाहू दे पहिले," ती म्हणाली.

मी सायकल अंगणाच्या तोंडाशी उभी केली अन् दोन्ही पाय टेकवून हँडल धरलं. "बस."

ती डाव्या बाजूनं आली. पाठ सायकलकडं केली, एक हात सीटवर ठेवला, जशा सगळ्या बाया बसतेत तशी. अन् थांबली.

"पाय कुठं ठेवू, बाबू?"

मी वळून पाह्यलं. तिच्या पायाखाली मोटर होती, मोटरीची चैन होती, दात्यांचं चक्कर होतं, बॅटरीचा डबा होता. जिथं बाईचे पाय येतेत, तिथंच मी सगळं बसवलं होतं. कट्ट्याले पाय नसतेत. कट्टा साडी नेसत नाही. बाबाच्या मोटरसायकलले डावीकडं साडीची जाळी हाय, पाय ठेवाले पट्टी हाय. ती गाडी रोज दारात उभी राहे. रोज मी तिच्याकडं रागानं पाहो, अन् ती जाळी मले एकदा बी दिसली नाही. दिसणार कशी? सायकलवर मायामागं कोणी बसलंच नव्हतं.

"उजवीकडून बसून पाह्य," मामा म्हणाला. पण उजवीकडं पायडलची चैन उघडी होती. झाकण मीच फेकलं होतं.

"पाय उचलून धर," मी म्हटलं. "हळू नेतो. तलावाच्या पाळीपर्यंत."

ती बसली. पाय वर धरले, एका हातानं टेक्याची दांडी, दुसरा हात माया खांद्यावर. मी मूठ पिळली. मोटर गुरगुरली अन् गाडी निघाली. अंगण गेलं, मामाचं घर गेलं, नळ गेला. लोकं पाहून राह्यले होते. गाडी डगमगली नाही. आईचा हात माया खांद्यावर गरम लागत होता.

"चालली गा, बाबू!" ती कानाशी म्हणाली. लहान पोरीसारखी. "खरंच चालली!"

पाळीचा चढ लागला. पाय असे वर किती वेळ धरशील? तिचे पाय थकले, खाली आले. मले मागून कापड ओढल्याचा आवाज आला, मोटर अडकून किंचाळली अन् आम्ही दोघं बी आडवे झालो.

लागलं नाही. मऊ माती होती. पण साडीचा काठ चक्करात गेला होता, गुडघ्यापर्यंत. आई रस्त्यात बसली होती, एका हातानं साडी धरून. मी चाक उलटं फिरवाले गेलो तं कापड आणखी फाटलं. मागून लोकं धावत येऊन राह्यले होते. कोणीतरी हसलं. मी उठलो अन् सायकलले लाथ मारली. पुन्हा मारली. टेका वाकला.

"मारू नको तिले," आई म्हणाली. "तिचा काय कसूर?"

ती एकेका दातातून कापड सोडवू लागली. घाई नाही, काही नाही. नीतू धापा टाकत आली. "आत्या, माया ड्रेस घाल ना. टांग टाकून बस, दोन्हीकडं पाय. काही होत नाही."

आईले खरोखर हसू आलं. "ड्रेस घालून मी मुर्रीत उतरू का वं?"

"उतर ना, काय होते?" मी म्हटलं. मी भरभर बोलू लागलो. "नाही तं मी जाळी लावतो. मामाकडं पत्रा हाय का? एक पट्टी वेल्डिंग केली का झालं. डबा पुढं घेतो. उद्यापर्यंत होते. मी राहतो रात्री इथं, उद्या सकाळी निघू. मंडईच्या पहिले—"

"ओमेश. थांब."

मी थांबलो.

"पिशवी मी भरलीच नाही."

"दिसलं मले."

"दिसलं, तं मंग कायले बसवलं?"

"तू बसली म्हणून बसवलं! तू काऊन बसली?"

"बोलली होती म्हणून. तू येवढं केलं म्हणून." तिनं शेवटचा धागा ओढला. "मंडईले पाहुणे येतेत. मले घेऊन जाऊन राह्यला ते काय रांधाले?"

माया तोंडात जवाब लवकर येतेत. सरले दिला, धुरपताबाईले दिला. हिच्यासमोर मी खाली बसून चैन बसवू लागलो.

ती उठली, फाटकी साडी कमरेत खोचली अन् मले घेऊन मामाच्या मागच्या वाडीत गेली. तिथं दोन बकऱ्या बांधल्या होत्या. एकीचं पोट एवढं आलं होतं का दोन-चार दिवसांत व्यायची. आईले पाहून दोघी बी ओरडल्या.

"एका बाईच्या हायेत," ती म्हणाली. "पोसाच्या मी, पिल्लं अर्धी तिची, अर्धी मायी. आता ह्या अशा टाकून येऊ? मंग त्याच्यात अन् मायात काय फरक?"

"व्याल्यावर येशील?"

ती बकरीच्या पोटावर हात फिरवत राह्यली. "माहीत नाही. खोटं कायले सांगू तुले? इथं मले सकाळी उठल्यावर बरं वाटते. एवढं समजते." मंग मायाकडं न पाहता म्हणाली, "तूच राह्य इथं. आजूबाजूच्या गावांत मोटरपंप दुरुस्त करणारा कोणी नाही, मामा मघाशी तेच म्हणत होता. तुया हाताले काम भेटन. नीतू हाय, बोलाले माणसं हायेत."

मी राह्यलो असतो. खोटं बोलत नाही, मायं मन झालं होतं. झिंगे, भात, सगळ्यांचा एकदम बोलण्याचा आवाज. पण मले बाबा दिसला. मिलमधून येते, अंगभर कोंढा, कुकरचं झाकण उघडून पाहते. आत काही नसते. मंग झाकण लावून ओट्यावर बसते.

"मी घ्यायले आलो होतो," मी म्हटलं. "राहाले नाही."

आवाज चढला होता माया. तिनं मान हलवली. रागावली नाही. मी तिचाच पोरगा हाय, हे तिले समजलं असंन.

"अंधार पडायच्या आत पोच," ती म्हणाली. "हळू जाजो."

मामानं वाकलेला टेका पायानं दाबून सरळ केला. नीतू रस्त्यापर्यंत आली. आई आली नाही. वाडीतून बकऱ्यांचा आवाज येत होता, अन् त्यांच्याशी बोलण्याचा तिचा.

येतानी सायकल लय पळाली. मागं वजन नव्हतं. मूठ पिळली का सुटे. एका मोटरसायकलवर दोन पोट्टे होते, ते बाजूनं आले, पाहू लागले, मंग शर्यत लावली. उतारावर मी त्यांच्या बरोबरीनं होतो. "अबे, रॉकेट हाय हे!" एक ओरडला. त्यांनी हात हलवला अन् पुढं गेले. मी हात हलवला नाही. दोन्ही हात हँडलवर घट्ट होते. सीट रिकामी असली का तिचं रेक्झिन हवेनं फडफडते, हे मले पहिल्यांदा समजलं. सकाळी जातानी ते ऐकू आलं नव्हतं.

मुर्रीत पोचलो तवा दिवे लागले होते. मंडईसाठी मैदानात मंडप बांधून राह्यले होते, कोणीतरी माइकवर हॅलो, हॅलो करून राह्यलं होतं.

बाबा ओट्यावर तांदूळ धुवून राह्यला होता. उठला नाही. त्यानं मायाकडं पाह्यलं नाही, सीटकडं पाह्यलं. मंग रस्त्याकडं पाह्यलं, जसं कोणी मागून चालत येऊन राह्यलं असंन.

मी सायकल भिंतीले लावली.

"तिनं तिथं दोन बकऱ्या पाळल्या," मी म्हटलं. "एक व्यायची हाय."

त्याचा हात तांदळाच्या पाण्यात थांबला. पाणी पांढरं होतं, हात त्यात दिसत नव्हता. माइकवर हॅलो चालूच होतं.

"बॅटरी पुरली?" त्यानं विचारलं.

"पुरली."

त्यानं पाणी ओतून टाकलं, तांदळाचं भांडं उचललं. "दोघं असते तं नसती पुरली," तो म्हणाला अन् आत गेला.

"पुरली असती," मी म्हटलं. "पुरली असती, बाबा."

आतून कुकरचं झाकण लावल्याचा आवाज आला.